फायनलआधीचे पेढे

मंडळी, आज मी माती खाल्ली.

लॅबमधला माझा मित्र हिरोशी. जपानमधली फुटबॉलची कप फायनल त्याचा लाडका क्लब जिंकला. सकाळी फोनवर बातमी दिसली, आणि मी शिकागोतल्या आपल्या देशी बाजारात, डेव्हन ॲव्हेन्यूला जाऊन पेढेच घेऊन आलो. "जिंकलात यार!" म्हणत एक त्याच्या तोंडात कोंबला.

त्याने तो शांतपणे खाल्ला. मग म्हणाला, "मॅच पाहिली नाही अजून. तूच म्हणालास ना, एकत्र बघू? म्हणून कालपासून फोनही उघडला नाही."

अहो, असं मी सगळ्यांनाच म्हणतो!

मग रेकॉर्डिंग लावलं. शेवटच्या पेनल्टीला त्याने माझा हात घट्ट धरला. निकाल माहीत असूनही, माझ्यासाठी.

तुम्ही "भेटू एकदा" असं कुणाकुणाला म्हणून ठेवलंय? त्यातलं कुणी खरंच थांबलं असेल तर?