अक्काची पंधरा अक्षरं

सुरुवातीलाच कबूल करतो, असले अनुभव मी इतकी वर्षं फक्त चुका काढायला वाचत आलोय. कुणाला बंद घरात पावलं ऐकू आली, की मी मनात म्हणायचो, उंदीर बघा. कुणाचा टीव्ही आपोआप लागला, की रिमोट कुणाच्या बुडाखाली आहे ते बघा. माझा धंदाच बिघाड शोधायचा. वीस वर्षांत मला असा एकही बिघाड भेटला नाही ज्याच्या मुळाशी एक तर सैल वायर नव्हती, नाहीतर माणूस. गेल्या दसऱ्यानंतर जे झालं त्यातही माणूस होता, आणि तो मीच होतो. पण बाकीचं काय होतं... ते तुम्हीच वाचा.

मी एका शिक्षणसंस्थेच्या मुख्य कार्यालयात संगणक विभाग सांभाळतो. कार्यालय नगरच्या सावेडी भागात आहे. दुसऱ्या मजल्यावर, जुन्या दप्तराच्या खोलीला लागून आमची खोली. त्यात दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि कोपऱ्यात सर्व्हर. एक टेबल माझं, दुसरं मोसिनचं. मोसिन माझ्याच वयाचा, गेली पंधरा वर्षं शेजारी बसतोय, त्यामुळे माझ्या घरचं सगळं त्याला माहीत.

संस्थेच्या शाळा आणि वसतिगृहं जिल्हाभर पसरलेली. प्रत्येक संगणकाने इंटरनेटवरून स्वतंत्र अपडेट ओढायचं म्हटलं तर खेड्यातली लाइन दिवसभर तुंबून राहते. म्हणून अपडेट एकदाच आमच्या सर्व्हरवर येतं आणि बाकीचे संगणक ते आमच्याकडून घेतात. यात एक गोष्ट लक्षात ठेवा – सर्व्हर कुणाला हाक मारत नाही. संगणकानेच अधूनमधून येऊन विचारायचं, माझ्यासाठी काही आहे का? तो येऊन गेला की माझ्या पडद्यावरच्या यादीत त्याच्या नावापुढे वेळ उमटते. नाही आला तर सर्व्हर नुसता वाट बघत बसतो.

अक्काचं आणि माझं तसंच होतं. विचारायचं तिने.

अक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या कडेला. दसरा झाला की आई-बाप कोयता घेऊन उसाला जायचे ते उन्हाळा लागल्यावर परत. मला शाळेत राहू द्यायचं म्हणून अक्का घरी राहिली. तिने अकराव्या वर्षापासून माझ्या भाकरी थापल्या आणि स्वतःची शाळा सोडली. पुढे मी शिकलो, संस्थेत चिकटलो. तिने मोठेपणी बाहेरून दहावी दिली आणि आमच्याच संस्थेच्या हंगामी वसतिगृहात अधीक्षिका झाली. हे वसतिगृह म्हणजे आई-बाप ऊसतोडीला गेले की मागे राहणाऱ्या पोरांची सहा महिन्यांची सोय. लग्न तिने केलं नाही. सगळी पोरं तिला अक्काच म्हणायची, आणि मला त्याचा थोडा रागही यायचा. खरं सांगतो.

वसतिगृहात एकच संगणक होता. एकदा तिने विचारलं, तुला एवढ्या लांबून कसं कळतं कोणता संगणक कुठला? मी म्हटलं, प्रत्येकाला नाव असतं, ते माझ्या यादीत दिसतं. कसं बदलायचं तेही मीच मोठ्या कौतुकाने शिकवलं. नाव इंग्रजी अक्षरांत, जास्तीत जास्त पंधरा, मध्ये जागा सोडायची तर आडवी रेघ द्यायची.

आठवड्याभरात माझ्या यादीत एका संगणकाचं नाव दिसलं – जेवला का.

मग ते चालूच राहिलं. कधी 'सर्दी गेली का', कधी 'गावी ये', कधी नुसतं 'शेंगा पाठवल्या'. मी कामात फोन उचलत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि यादी मात्र मी दिवसभर बघतो. मोसिनला फार मजा वाटायची. सकाळी आल्या आल्या विचारायचा, आज अक्का काय म्हणतात? मलाही गंमत वाटत होती, नाही असं नाही. पण एकदा आमचे कार्यालय अधीक्षक पाहुण्यांना घेऊन आमची खोली दाखवायला आले, आणि पडद्यावर 'अंघोळ केली का' असं नाव झळकत होतं. पाहुणे हसले. माझं तोंड बघण्यासारखं झालं.

त्याच दुपारी मी अक्काला फोन लावला आणि नको ते बोललो. ही काय चेष्टा आहे, माझी नोकरी आहे इथे.  ती म्हणाली, "बरं बाबा. न्हाई करनार. पन तू फोन घेत न्हाईस, मग मी कुटं इचारायचं?"

मी फोन ठेवून दिला. आणि जिल्ह्यातल्या सगळ्या संगणकांवर नाव बदलायची परवानगीच काढून टाकली. एकट्या बहिणीचं तोंड बंद करायला मी साऱ्या संस्थेला नियम लावला... इतका मी शहाणा.

पुढच्या श्रावणात अक्का गेली. वसतिगृहात येत्या हंगामासाठी पोरांच्या गाद्या उन्हात घालताना छातीत कळ आली आणि पाथर्डीला नेईपर्यंत सगळं संपलं. त्या सकाळी तिचा फोन आला होता. मी कामात आहे म्हणून कापला होता. ते वसतिगृह नंतर दुसऱ्या इमारतीत हलवलं, तिथे नवे संगणक दिले आणि तिचा जुना संगणक माझ्याकडे परत आला. मी त्याची डिस्क काढून वर्तमानपत्रात गुंडाळली आणि संगणकाचा रिकामा डबा आणि डिस्क दोन्ही कपाटात ठेवून कुलूप लावलं. याला आता दोन वर्षं झाली.

आता गेल्या दसऱ्याकडे येतो. जिल्ह्याचं नाव बदललं आणि आमच्या कार्यालयाच्या अंगात आलं. पाट्या, शिक्के, पत्रांचे कागद, जिथे जिथे 'नगर' दिसेल तिथे नवं नाव टाका असा हुकूम निघाला. सर्व्हरच्या नावातही 'नगर' होतं. अधीक्षकांनी विचारलं, ते पण बदलता येतं ना? मी दुसऱ्याच कामात होतो. हो म्हणालो आणि बदलून मोकळा झालो. दाराचं नाव बदललं, पण त्या दारावर येणाऱ्यांना सांगायचं राहिलं. सगळे संगणक जुन्या नावाच्या सर्व्हरला शोधत राहिले आणि तो कुणाला सापडेना. लाज वाटते, पण हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

आणि वेळ नेमकी वाईट. हंगामी वसतिगृहातल्या पोरांची नावं शनिवारपर्यंत ऑनलाइन चढवायची होती. नोंदणीच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती चालेना, आणि नवी आमच्याच सर्व्हरवरून जाणार होती. नाव चढलं नाही तर पोराचं जेवण मंजूर होत नाही. जेवणाची खात्री नसेल तर आई-बाप त्याला मागे ठेवत नाहीत, टेम्पोत घालून उसाच्या फडावर नेतात. एकदा गेलेलं पोर त्या वर्षी शाळेत दिसत नाही. तोडणीला मजूर नेणाऱ्या मुकादमांचे टेम्पो गावोगाव येऊन उभे होते. वसतिगृहांतून फोनवर फोन येत होते.

बुधवारी सकाळी मी यादी उघडली. सगळ्या नावांपुढे लाल खूण, संपर्क नाही. वायर तपासली, सेवा चालू आहे का बघितलं, फायरवॉल बघितली. आणि खाली सरकवत गेलो तर एक ओळ हिरवी. अकरा मिनिटांपूर्वी संपर्क झालेला.

तो अक्काचा संगणक होता. बंदी घातल्यावर मीच दिलेलं सरकारी थाटाचं नाव, तालुका, वसतिगृह आणि आकडा.

मी मोसिनला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, कुणीतरी तिच्या डिस्कची नक्कल दुसऱ्या मशिनवर टाकली असेल, ओळख क्रमांक तोच राहतो. बरोबर होतं, असं होतं कधीकधी. आम्ही कपाट उघडलं. डबा धुळीने माखलेला, वीज जोडायची वायरसुद्धा नाही. डिस्क त्याच वर्तमानपत्रात. मग दुपारभर आम्ही सगळीकडे फोन करून प्रत्येक मशिनचा क्रमांक वाचून घेतला. एकाचाही जुळला नाही. पत्ता दाखवत होता तो त्या बंद वसतिगृहाच्या लाइनचा, आणि ती लाइन कधीच कापलेली आहे. दर तासा-दीड तासाने त्या ओळीपुढची वेळ बदलत होती. तो संगणक येत होता आणि विचारत होता, माझ्यासाठी काही आहे का?

खरा घोळ कुठे आहे ते मला बुधवारी संध्याकाळीच कळलं होतं, सर्व्हरचं नाव. आधी आम्ही जुनं नाव परत देऊन बघितलं, पण मध्येच फिरवल्याने आतलं सगळं बिनसलं होतं. आता एकच उपाय उरला, सर्व्हर नव्याने उभा करायचा आणि सगळ्या संगणकांना नवं नाव कळवायचं. मात्र तसं केलं की जुनी यादी पुसली जाते. नवी यादी कोरी असते, आणि जे संगणक आज खरोखर चालू आहेत तेच येऊन तिच्यात बसतात.

म्हणजे अक्काची ओळ जाणार. मी गुरुवारी सबंध दिवस काही केलं नाही. अधीक्षकांना सांगितलं, अजून तपासतोय. आणि ती ओळ बघत बसलो. वेळ बदलली की भीतीही वाटायची आणि बरंही. दोन वर्षांत मला तिची इतकी आठवण आली नव्हती, म्हणजे मी येऊ दिली नव्हती. चाळिशी उलटलेला माणूस मी, पण आई-बाप उसाला गेल्यावर पहिल्या रात्री तिच्या कुशीत जसा रडलो होतो तसं रडावंसं वाटत होतं. मोसिनने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला मी यादी ताजी केली आणि त्या ओळीतलं नाव बदललेलं होतं.

पोरं आली का.

नाव बदलायची परवानगी कुणालाच नाही, हे मी वर लिहिलंय. मी खुर्ची मागे सारून मोसिनला हात केला. त्याने वाचलं, चष्मा काढून पुसला, परत वाचलं.

मी म्हटलं, "सर्व्हर नव्याने लावला तर ही जाईल."

तो म्हणाला, "आणि नाही लावला तर तिला काय सांगणार आहेस? पोरं टेम्पोत बसली म्हणून?"

 मी पडद्याचा फोटो काढला, तो मोबाईलमध्ये अंधूक आलाय, नावाच्या जागी नुसता उजेड. मोसिनने काढला त्यातही तेच. मग सर्व्हर पुसायला घेतला. पुसायचं बटण मी दाबलं तेव्हा मोसिनचा हात माझ्या खांद्यावर होता, एवढं आठवतं.

दुपारी दोनला नवी यादी कोरी उघडली. फोनवर एकेका वसतिगृहाला सर्व्हरचं नवं नाव त्यांच्या संगणकात टाकायला लावलं आणि तीनच्या सुमारास संगणक यायला लागले. आधी शेवगाव, मग पाथर्डीचे दोन, मग धडाधड. सहाच्या आत सगळीकडे नवी आवृत्ती पोचली. शनिवारी दिवसभर नावं चढत होती. पाथर्डीच्या नव्या अधीक्षिकाबाईंचा फोन आला, आमची सगळी झाली, एकही पोर गेलं न्हाई. एक बाप टेम्पोतून पोरीला उतरवून परत घेऊन आला, असंही त्यांनी सांगितलं.

फोन ठेवला आणि मी मोठ्याने म्हणालो, "आली, अक्का. सगळी आली." मोसिन मान खाली घालून काम करत राहिला.

त्या यादीत अक्काचा संगणक परत आला नाही. मी रोज बघतो. जुन्या सर्व्हरचा, पुसण्याआधी घेतलेला बॅकअप माझ्याकडे आहे. त्यातल्या नोंदी मी ओळ न् ओळ वाचल्यात. बुधवार ते शुक्रवार कुठल्याच संगणकाचा संपर्क झाल्याची नोंद त्यात नाही, त्या ओळीची तर नाहीच. आम्ही दोघांनी डोळ्यांनी बघितलं, एवढाच पुरावा. वाचणाऱ्यांत कुणी या क्षेत्रातलं असेल आणि कारण माहीत असेल तर जरूर लिहा, मी भांडणार नाही. मी स्वतः हरलोय.

पण तुमच्यापासून काय लपवायचं, मला आता कारण नकोय. मला दुसरंच काहीतरी खातंय. ती एवढ्या लांबून आली, तीन दिवस माझ्या दाराशी येत राहिली, आणि तिने विचारलं ते पोरांचं. माझं काहीच विचारलं नाही. मी मोसिनला हे बोललो तर तो म्हणाला, तू तिला समोर दिसत होतास, तुझं काय विचारायचं?

असेल तसंही. पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.