औंदा औंढ्याला

आमच्या विनोदांना विनोद म्हणायचं म्हणजे धाडसच. तिसऱ्याला सांगितले तर तो आजारी माणसाकडं बघावं तसं आमच्याकडं बघायचा. माझा दोस्त लोणावळ्याजवळच्या औंढ्याचा, मी इंदुरीचा. सुदुंबऱ्याजवळच्या कारखान्यात दोघंही फिटर. कंपनीची बस लोणावळ्याहून यायची, त्यामुळे तो आधीच बसलेला असायचा, शेजारी माझी जागा धरून. मी पायरीवर पाय ठेवला रे ठेवला की ओरडायचा, “आला इंदुरीचा उंदीर, डबे सांभाळा!” वीसेक वर्षं हेच. पुढं त्याचं नुसतं ‘उंद्या’ झालं. एकदा साहेबांनीही मला त्याच नावानं हाक मारली, तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पठ्ठ्यानं माझ्या सीटवर भाजलेला खोबऱ्याचा तुकडा दोऱ्याला बांधून ठेवला, पिंजऱ्यात लावतात तसा. मग काय, हसलोच.

माझी कोटी एकच होती. दरवर्षी जत्रेच्या आधी तो विचारायचा, औंढ्याला कधी येतोस? मी म्हणायचो, औंदा. तो म्हणायचा, औंदा का औंढ्याला? मी म्हणायचो, औंदाच औंढ्याला. दोघं खिदळायचो आणि विषय तिथंच संपायचा. म्हणजे मी गेलो नाही. एकदाही नाही. हसण्यावारी नेलं, झालं.

रिटायर झाल्यावर हे सगळं फोनवर आलं. आधी ‘उंद्या’, मग ख्यालीखुशाली. आणि एक दिवस त्याच्याच नंबरवरून त्याचा मुलगा बोलला. वडिलांना लकवा मारलाय, वाचा गेली म्हणाला.

मी लगेच निघायला हवं होतं. नाही निघालो. आधी गुडघा दुखत होता, मग भाच्याचं लग्न, मग पाऊस. खरं सांगतो, भ्यालो होतो. आमच्यात शब्दांशिवाय होतं काय? तो बोलणार नाही, कदाचित ओळखणारही नाही, आणि मी बावळटासारखा समोर बसून राहणार. दोन महिने असेच काढले. शेवटी बायकोनं तोंडावर सुनावलं, की उद्या मयताच्या गर्दीत जाऊन उभं राहण्यापेक्षा आज जा. तेव्हा गेलो.

पडवीत खाटेवर होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, नजर समोरच्या भातखाचरांवर. मी जवळ बसून हात धरला. दुसरं काही सुचेना, म्हणून म्हणालो, “आलो बघ. औंदा.”

त्यानं मान वळवली. ओठ थरथरले. “उं… उं…”

वहिनी पाण्याचं भांडं घेऊन धावत आल्या. सांगायला लागल्या, की वाचा गेल्यापासून दिवसभर एवढंच काढतात तोंडातून. पाणी दिलं तर ढकलतात. कुठं कळ येते का म्हणून डॉक्टरांनी दोनदा तपासलं, पण काहीच सापडलं नाही.

भांडं त्यानं आत्ताही सरकवलं आणि माझं बोट घट्ट धरलं. लहान पोरासारखा रडलो मी.

“वहिनी, त्याला काही दुखत नाहीये,” मी म्हणालो. “मला हाक मारतोय तो. उंद्या म्हणतो मला.”

त्या खाटेच्या कडेला टेकल्या. भांडं हातात तसंच. आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“मग येवढं दिस कुटं व्हता, भावजी?”