बिनकडीच्या घरातली आत्या

तर काल आपण त्या दुपट्याच्या कोपऱ्यापाशी येऊन थांबलो होतो. दुपटं शिवलं होतं ताईने, शेजारच्या शिक्षिकेच्या बाळासाठी. बाळ दिवस भरायच्या आधीच आलेलं, ओंजळीत मावेल एवढं. त्याच्या अंगाला नवं कापड बोचेल म्हणून ताईने शेकडो धुण्यांतून निघून सायीसारखी मऊ झालेली जुनी चादर निवडली, दुहेरी केली, कडेने बारीक टाके घातले. शिक्षिकेने दुपटं उलगडलं, बाळाला गुंडाळलं आणि तिची नजर कोपऱ्यावर गेली. तिथे लाल दोऱ्याने टपोऱ्या अक्षरांत काढलेलं होतं, ‘वॉर्ड चार. बाहेर नेऊ नये.’

आता यात ताईचा दोष म्हणावा तर आहे, आणि नाही म्हणावा तर तसूभरही नाही. ती प्रसूती रुग्णालयाच्या शिवणखोलीत कामाला. चादरी फाटल्या की शिवायच्या, बाळंतिणींचे गाऊन सांधायचे, आणि प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने हीच अक्षरं काढायची. पंधरा वर्षं हेच काम केल्यावर बाईचं डोकं घरी आलं तरी हात कामावरच राहतात. बाद झालेल्या चादरी मेट्रनच्या सहीने घरी न्यायला मिळत, त्यातलंच ते कापड. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्षरं उसवायला ती कात्री घेऊन धावली, तर शिक्षिका हसून म्हणाली, “राहू दे गं, ताई. बाळ शहाणं आहे, कुठे जाणार नाही.”

आणि बाळाने काय बाळसं धरलं म्हणता! सहा महिन्यांत गाल असे की नाक शोधावं लागे. झालं! गल्लीने ठरवून टाकलं की ही त्या लाल अक्षरांची करामत. पुढची बाई पोटाशी असताना स्वतःच येऊन म्हणाली, “ताई, मला अक्षरांसकट हवं हं, नुसतं नको.” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याला आता अकरा वर्षं झाली. गल्लीत जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या कपाटात ‘बाहेर नेऊ नये’ घडी करून ठेवलेलं आहे, आणि कोणाच्या घरी गोड बातमी कळली की माणसं ताईला विचारत नाहीत, सांगतात. “पुढच्या महिन्यात आमच्या सुनेचं आहे बरं का. तुम्ही आहातच.”

हे ‘आहातच’ मोठं गोड वाटतं ऐकायला. तुम्ही एकदा त्याच्याखाली सापडून बघा.

घरातही तेच. ताई थोरल्या भावाकडे राहायची, म्हणजे दोघांच्या बाबांच्याच घरात. लग्न झालं नाही, का झालं नाही ते आता कोणाला आठवतही नाही. दादा, वहिनी, त्यांची मुलगी, आणि ही. मुलगी लग्न होऊन गेली तरी ताईची जागा बदलली नाही. तिची जागा म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधला बोळ. त्यात एक पलंग, एक खुंटी. अख्खं घर दिवसातून चाळीस वेळा तिच्या पायांवरून जायचं. जाता जाता कोणी ओला टॉवेल टाकायचं, कोणी म्हणायचं, “झोपलीस का? नाही ना? मग जरा बटण लावून दे.”

आणि त्या घराची एक तऱ्हा होती. घरात आतून एकाही दाराला कडी नव्हती. दादा सहा वर्षांचा असताना खोलीत शिरला आणि त्याने आतून कडी लावली. लावली खरी, पण ती त्याला काढता येईना. दोन तास पोर आत बोंबलत होतं आणि बाहेर सगळे ‘वर सरकव, डावीकडे ओढ’ असं ओरडत होते. शेवटी बाबांनी दार फोडलं. त्याच संध्याकाळी पेचकस घेऊन घरातल्या यच्चयावत कड्या काढल्या आणि भंगारात दिल्या. बाहेरच्या दाराला कुलूप राहिलं तेवढंच. न्हाणीघराचं काय? तर आत असलेल्या माणसाने गात राहायचं! आवाज थांबला की जागा रिकामी. दादा पाढे म्हणायचा, वहिनी गाण्याचं एकच कडवं घोळवायची. पाहुणे बिचारे दोन दिवसांत गाशा गुंडाळायचे.

त्या बुधवारी ताई न्हाणीघरात गात होती आणि गाता गाता पत्र वाचत होती. वाचायला दुसरी जागाच नव्हती. पत्र मेट्रनने दिलेलं. लांबच्या गावी रुग्णालयाची नवी इमारत उभी राहिली होती, तिथल्या शिवणखोलीची प्रमुख म्हणून ताईचं नाव सुचवलं होतं. राहायला खोली, खोलीला खिडकी. कळवण्याची मुदत शनिवारी दुपारी बारा. ‘खिडकी’ या शब्दाशी तिचा आवाज अडखळला, आणि लगेच दार ढकललं गेलं. वहिनी! “अगं बाई, वन्सं, तुम्ही आहात होय? थांबलात म्हणून मला वाटलं झालं.” ताईने पत्र बाहीत सारलं आणि पुन्हा गायला लागली.

एक्कावन्न वर्षांची बाई. तिच्या कामाच्या तळघरालाही खिडकी होती म्हणा, पण ती रस्त्याच्या पातळीला. तिच्यातून फक्त पाय दिसायचे. ताई माणसं चपलांवरून ओळखायची. गुरुवारी सकाळी मेट्रनचे पांढरे बूट खिडकीपाशी थांबले आणि वरून आवाज आला, “ताई, शनिवार बारा हं. नाहीतर मी दुसरीचं नाव टाकते.” ताईच्या तोंडातून नुसतं “हो” निघालं. हो म्हणजे काय, ते बुटांनाही कळलं नाही.

सांगायचा प्रयत्न तिने केला नव्हता असं नाही. बुधवारी जेवताना म्हणाली, “मला एक सांगायचं होतं.”

“मीठ कमी झालंय ना? कळलं मला,” वहिनी म्हणाली.

“मिठाचं नाही...”

“मग तिखट. बाळंतिणीमुळे कमीच घातलंय.”

बाळंतीण म्हणजे पुतणी. नवरा बोटीवर नोकरीला, म्हणून बाळ-बाळंतीण दहा दिवसांपूर्वी इथेच आली होती. वहिनीची टपाल कचेरीत नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, रजा ढीगभर साठलेली. पण ती रजा मोडायचा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही. पहिल्याच दिवशी वहिनीने हिशेब मांडला, “वन्सं सहा महिने बिनपगारी रजा टाकतील. आपल्याला काय चिंता? त्या आहेतच.” दादा मान हलवून पेपरात शिरला. ताई ऐकत होती. पण अकरा वर्षांत ‘नाही’ हा शब्द तिने वापरलाच नव्हता, तो एकदम कुठून काढणार?

बाळाच्या भेटींनी खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. सोळा टोपरी, सात खुळखुळे, तीन वर्षांनी अंगाला येईल असा एक कोट. आईला कोणी काय दिलं? सल्ले दिले, भरपूर. ताईला मात्र बाळंतिणींचं सगळं ठाऊक. पायांत घालायला तिने सैल लोकरीचे मोजे विणले होते, कारण बाळंतिणीचे पाय सुजतात आणि ती बाब बाळाच्या पायांकडे बघणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. गाऊनला पुढून नाड्या लावल्या, बटणं मुद्दाम टाळली. बटण बाळाच्या गालात रुततं. कोपराखाली ठेवायला लांबट उशी केली, तिच्यात एका जागी गोळा होणार नाही असा कापूस हाताने पिंजून भरला. पुतणीने सगळं वापरलं, आणि तरी बुधवारी संध्याकाळी ती उशीत तोंड खुपसून रडत होती.

“काय टोचतंय? नाडी?” ताईने विचारलं.

“काही टोचत नाही, आत्या. सगळं मऊ आहे.” पुतणीने नाक पुसलं. “दार लोटलं की कोणीतरी आत येतंच. पाजायला घेतलं की शेजारीण पलंगावर बसते, म्हणते, चालू दे, चालू दे, आपणच आहोत. काल मला डुलकी लागली होती, तर तिने हलवून उठवलं आणि विचारलं, झोप मिळते ना गं?”

ताईला हसू आलं, पुतणीलाही आलं, आणि मग दोघींचंही गेलं.

“मला दार लावून घ्यायचंय, आत्या. आतून. बाकी मला काही नको.”

ताई पलंगाशी वाकली. अभ्रा सरळ केला. तो सरळच होता.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती रुग्णालयाच्या सुताराकडे गेली. हा गडी दिवसभर पाळण्यांचे पाय दुरुस्त करायचा आणि तोंडाने अखंड टिंगल.

“खिट्टी पाहिजे? आणि भेट द्यायची? ताई, लोक बाळाला खुळखुळा देतात.”

“खुळखुळे सात आलेत. आणि भेट बाळाला नाही, आईला आहे.”

“आईला म्हणजे सासूपासून वाचायला?”

“तिची सासू लांब असते.”

“मग?”

“सख्ख्यांपासून,” ताई म्हणाली, आणि सुताराची टिंगल पहिल्यांदाच बंद पडली.

त्याने पाळण्याच्या मोडक्या पायातून एक छान लाकडी खिट्टी काढून दिली, मध्ये स्क्रूवर गोल फिरणारी. घासून गुळगुळीत ताईने स्वतः केली, काचकागदाने, कड शिवावी तशा सबुरीने. मग तिला वाटलं, लाकूड लाकडावर आपटलं की बाळ दचकेल. म्हणून खिट्टीला मऊ फलालीनचं अस्तर चढवलं, टाके आतल्या बाजूने. अशी खिट्टी की लावली तरी आवाज नाही. दुपट्यावर कधी घातले नसतील इतके बारीक टाके तिने त्या चार बोटांच्या लाकडावर घातले.

शुक्रवारी तिने अर्धा दिवस सुट्टी काढली. दादा-वहिनी घरात नाहीत असं बघून स्क्रू बसवले. दाराला छिद्रं पाडताना तिने दोनदा वळून पाहिलं, जणू बाबा मागे उभे आहेत. पुतणी आत गेली, खिट्टी फिरवली. दार जागचं हललं नाही. पलीकडून हलकेच आवाज आला, “आत्या, तू आहेस का तिथे?”

“आहे.”

“मग जा. मी झोपते.”

संध्याकाळी दादा आला, नातवाला बघायला सवयीने दार ढकललं, आणि दार ढकललं जाईना. एवढा धिप्पाड माणूस, पाचावर धारण बसली. “पोरगी अडकली! दार धरलं! अगं, पहार कुठे आहे?” कपाळाला घाम. सहा वर्षांचं पोर पुन्हा आत बोंबलत असावं तसा चेहरा. ताईला त्याची दया आली, हे खरं.

“अडकली नाही, दादा. लावून घेतलंय.”

“लावून घेतलंय? कशाने?”

“खिट्टीने. मी बसवली.”

“या घरात?” दादाचा आवाज चिरकला. “बाबांनी काय सांगितलं होतं? उद्या काही झालं तर?”

वहिनी पिशवी हातात घेऊनच उभी राहिली. “आमच्या वेळी नव्हती हो ही थेरं. बाळ रडलं तर कोण बघणार?”

आतून पुतणीचा आवाज आला, झोपेने भरलेला, पण शांत. “त्याची आई बघेल. बाबा, तो पितोय. पंधरा मिनिटांनी उघडते.”

दादा दारासमोर खुर्ची टाकून, घड्याळाकडे डोळे लावून बसला. सोळाव्या मिनिटाला दार उघडलं. पुतणीचे केस विंचरलेले होते. दहा दिवसांत पहिल्यांदा. दादाने खिट्टी एकदा फिरवून पाहिली, परत फिरवली. आतून लागते आणि आतून निघतेही, हे त्याला पन्नास वर्षांनी दिसत होतं. मग त्याने बाळ घेतलं.

वहिनीने वातावरण सावरलं. “बरं, झालं ते झालं. वन्सं, सोमवारपासून तुमची रजा. आणि कोपऱ्यावरच्या सुनेला नववा लागलाय, दोन दुपटी सांगून आलेय मी. म्हटलं, वन्सं आहेतच.”

दादाला आता विनोद सुचण्याइतका धीर आला होता. बोळाकडे बोट करून म्हणाला, “आता काय, स्वतःच्या पलंगालाही खिट्टी बसवशील?”

सगळे हसले. पुतणी हसली नाही, ती आत्याकडे बघत होती. ताई बोळात होती. एका बाजूने स्वयंपाकघराचा उजेड, दुसऱ्या बाजूने न्हाणीघराची ओल. बाहीत पत्र तीन दिवस घामाने मऊ झालेलं. तिने ते काढून उलगडलं, आणि या खेपेस तिला गावं लागलं नाही.

“माझ्या पलंगाला दारच नाही, दादा, तर खिट्टी कुठे बसवू? नव्या रुग्णालयात मला कामही मिळतंय आणि खोलीही. उद्या बाराच्या आत होकार कळवते, एक तारखेला निघते. आणि वहिनी, रजेचं म्हणाल तर ती तुम्ही टाका. आजी तुम्ही आहात.”