दाढी आणि पिवळे स्फटिक

दाढीवाल्या सरांनी दाढी काढली ती एका बाईपायी, असं सगळ्या रसायन विभागात म्हणायचे. म्हणायचे म्हणजे ग्रंथपाल बाई म्हणायच्या आणि बाकीचे चहाच्या कपात तोंड घालून ऐकायचे. पुरावा भक्कम होता. साठीला टेकलेला माणूस एका सोमवारी गुळगुळीत चेहऱ्यानं, नवा शर्ट, नवे बूट घालून आला आणि स्वतःची लॅब सोडून आवाराच्या पार टोकाला, एका बंद खोलीत जाऊन बसू लागला.

"या वयात उगाच कोणी नवे बूट घेत नाही," बाई म्हणाल्या.

बातमी सरांच्या घरी पोचायला कितीसा वेळ लागणार? संध्याकाळी बायकोनं पुढ्यात ताट ठेवलं आणि विचारलं, "अहो, कोण आहे म्हणे ती?"

"कोण?"

"जिच्यासाठी एवढा चेहरा उजळलात. भेटवा एकदा, तुमच्या गोळ्यांच्या वेळा समजावून देते."

एरवी सर हसले असते.

गोष्ट अशी, की सरांचं सगळं नाव चिमूटभर पदार्थावर उभं होतं. तरुणपणी त्यांनी एक रेणू जुळवला होता. त्याचे पिवळे, सुईसारखे स्फटिक अतिनील दिव्याखाली धरले की पोपटी उजळायचे. खालच्या मजल्यावरच्या भौतिकवाल्या मित्रानं तो उजेड मोजला, रेणू एकमेकांवर कसे रचले गेले म्हणून तो निघतो याचं गणित मांडलं, आणि दोघांचा पेपर गाजला. पुढचा प्रत्येक पेपर त्याच्याच खांद्यावर चढून बसलेला. 'पिवळ्याचं खानदान' म्हणायचे लोक.

मग एके दिवशी चंबूत पिवळ्या सुयांऐवजी नारिंगी खपल्या धरल्या. रेणू तोच, रचना तेवढी वेगळी, जास्त पक्की. दिव्याखाली धरल्या तर ढिम्म. सरांनी कौतुकानं त्या खरवडल्या, कुटल्या, तपासल्या, आणि तिथंच घात झाला. अशा पक्क्या रूपाचा डोळ्यांना न दिसणारा कण जरी द्रावणात पडला, तरी सगळे रेणू त्याचंच बघून तसे बसतात. आता खोलीभर तीच धूळ. पिवळं काही पुन्हा होईना.

नेमकं तेव्हाच जर्नलच्या संपादकांनी कळवलं, की इतर दोन ठिकाणी हा प्रयोग जमलेला नाही. नमुना पाठवा, नाहीतर पेपर मागे घ्यावा लागेल.

नमुना होता. कपाटात जुनी सीलबंद कुपी होती, ती तशीच पाठवायची, एवढंच काम. पण माणूस स्फटिकांचा वेडा. एकदा बघितल्याशिवाय हातातून सुटेना. सरांनी त्याच खोलीत बूच काढलं, दाढी झुकवत आत डोकावून बघितलं, दिवा धरला, पोपटी उजेड डोळे भरून पाहिला आणि बूच लावलं. पाठवायच्या दिवशी कुपी नारिंगी झाली होती.

"तू उघडलीस?" मित्रानं विचारलं.

"एकदाच."

"त्याच खोलीत?"

सरांनी नारिंगी कुपी त्याच्यापुढे सरकवली.

"माझंही सगळं त्यातच होतं रे," एवढं बोलून मित्र जिना उतरून गेला.

म्हणून ती लांबची खोली, कोरी काच, कोरे कपडे. रेणू पहिल्यापासून जुळवला. द्रावण निवायला ठेवलं की सर दाराबाहेर थांबायचे, आपला श्वासही आत नको म्हणून. एकदा तळाशी काही पिवळं तरळलं. त्यांनी आत जाऊन दिवा लावला. तो नुसता द्रावणाचा रंग होता. सकाळी तिथं नारिंगी खपल्या होत्या.

"दुसऱ्या कोणाला तरी करू द्या," बायको म्हणाली.

"केलं ना दोघांनी. त्यांनाही नाही जमलं."

"मग तेव्हा झालं होतं ना नक्की?" ती बोलून गेली आणि तिलाच कसंतरी झालं. सर बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

पेपर मागे घेतला गेला. खांद्यावर बसलेले एकेक करून घसरले. मित्र जिन्यात भेटला की घड्याळात बघायचा. निरोप समारंभापर्यंत सरांची दाढी परत वाढली होती, पांढरी, न विंचरलेली.

"सोडून गेली वाटतं," ग्रंथपाल बाई शेजारणीच्या कानात म्हणाल्या.

बाई कोणी नव्हती. दाढीत नारिंगी स्फटिकांची धूळ अडकली असेल, म्हणून सरांनी ती काढली होती.