गयाबाईचं आडनाव

"तुमच्यातली असून इतकं शुद्ध लिहितेस?"

साहेबांनी माझं पूर्ण नाव विचारलं, आडनाव ऐकलं आणि असं म्हणाले. समोर बसलेले सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

साहेब म्हणजे आमच्या भागाचे खासदार. आधी जिल्हा परिषद, मग विधानसभा, आता दिल्ली. संस्कृती आणि परंपरेवर बोलायला उभे राहिले की सभागृहात बाकं वाजायची. त्यांच्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ निघणार होता आणि तो लिहायला चांगलं मराठी येणारं कुणीतरी दिल्लीतच हवं होतं. मी तिथेच यूपीएससीची तयारी करत होते. बदल्यात बंगल्यामागची खोली मिळाली. मुख्य परीक्षा दोन महिन्यांवर. डोक्यावर छप्पर होतं म्हणून गप्प बसले. सगळ्यांना चिनी मातीच्या कपात चहा यायचा, मला कागदी कपात. तरी गप्प बसले.

गौरवग्रंथ कसा लिहितात ते तिथे कळलं. प्राचार्यांचा लेख मी लिहिला. डॉक्टरांचा मी लिहिला. बालमित्राच्या आठवणी मीच लिहिल्या, त्यातलं विहिरीत पोहणंही माझ्याच मनचं. ती मंडळी नुसत्या सह्या करायची.

मग एक दिवस साहेब म्हणाले, "एक लेख घरच्या कामवालीचा हवा. गया म्हणून बाई होती आमच्या गोठ्यात. लिही, पंगतीत बसून जेवायची, आम्ही तिला घरचीच मानायचो. आणि तिचं आडनाव विचार गावात कुणाला तरी. छापायला लागेल."

माझा हात थांबला. गया माझी आई.

वीस वर्षं तिनं यांच्या गोठ्यातलं शेण काढलं आणि यांना तिचं आडनाव माहीत नाही! माझं मात्र पहिल्याच दिवशी विचारलं.

लहानपणी मी तिच्याबरोबर त्या गोठ्यात जायचे. तिची कपबशी कोनाड्यात पालथी घातलेली असायची. चहा वरून ओतायचे. एकदा तहान लागली म्हणून मी ओसरीवरच्या माठात तांब्या बुडवला. साहेब तिथेच पेपर वाचत होते. ओरडले नाहीत. पान उलटलं आणि म्हणाले, "फोडा तो माठ." खापऱ्या आईनं वेचल्या. वेचताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी सात वर्षांची होते.

संध्याकाळी आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पंगतीत? माझं ताट तरी होतं का त्या घरात? खरं लिहायची हिंमत असंल तर लिही. न्हाईतर माझं नाव घालू नको."

लिहिलं. कोनाडा, माठ, खापऱ्या, सगळं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वाचलं. "हे कुणी सांगितलं?"

"गयाबाईंनी."

"जिवंत आहे ती?"

"आहे. माझी आई आहे."

साहेबांचा पीए पुढे सरकला. "अरे मैडम, छोड़िए ना. पुरानी बातें हैं."

साहेबांनी चहा मागवला. चिनी मातीच्या कपात, माझ्यासाठी! म्हणाले, "परीक्षा होईपर्यंत राहा इथेच. तेवढं पान बदलून दे."

माझं डोकंच फिरलं. एका खोलीच्या बदल्यात साहेब माझ्याच हातानं माझ्या आईचं तोंड बंद करायला निघाले होते. मी म्हणाले, "पान बदलणार नाही." कपाला हात न लावता उठले. त्याच दुपारी पुस्तकांच्या दोन पिशव्या घेऊन करोल बागेत मैत्रिणीच्या खोलीवर गेले. तिथे आधीच तिघी राहत होत्या.

ग्रंथ निघाला. लेख दुसऱ्या कुणीतरी लिहून दिला. त्यात पंगत आहे, घरची माया आहे. खाली नाव, गयाबाई. नुसतंच. आडनाव आता त्यांना माहीत होतं, तरी गाळलं.

तो लेख माझ्या आईचा नाही. हा आहे. परीक्षा मी देणारच आहे. पण पुढच्या निवडणुकीत साहेब परंपरेच्या नावानं मतं मागत गावोगाव फिरतील, तेव्हा त्यांच्या मागोमाग मीही फिरणार आहे. त्यांची सभा उठली की त्याच पारावर मी हा लेख वाचीन. आई शेजारी बसलेली असेल. शेवटी तिचं पूर्ण नाव घेईन, मोठ्यानं, आडनावासकट.