साहेबांच्या फोटोखालची जागा

परवा चिंचवडच्या छापखान्यात ताज्या शाईचा वास आला आणि आमचं मोशीचं घर आठवलं. माझे वडील, आबा, कंपनीतून निवृत्त झाले, त्या वर्षीच्या कंपनीच्या स्मरणिकेची पानं मीच लावली होती. मशीनवर आबांच्या शेजारी उभे राहणारे शेखकाका वारले होते. त्यांच्याविषयी आबांनी दहा ओळी लिहून दिल्या होत्या. कंपनीचे साहेब म्हणाले, "माझ्या फोटोखाली जागा मोकळी सोड." मी आबांच्या ओळी काढल्या. ओळींमधलं अंतर जरा कमी केलं असतं, तर त्या सहज मावल्या असत्या. तेव्हा तो साहेबांचा हुकूम वाटला, आज माझा भित्रेपणा दिसतो.

"ओळी बसल्या नाहीत, आबा," शाईचा वास येणारी नवी स्मरणिका घरी त्यांच्या हातात देत मी म्हणालो.

आबांनी साहेबांच्या फोटोखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हितं जागा हाय की."

मी पान उलटलं. त्यानंतर त्यांनी मला कधीच काही लिहून दाखवलं नाही.