चौकशीच्या वर्षीच्या करंज्या

डिसेंबर लागला की माझं पोट बिघडतं. डॉक्टरांना मी दरवर्षी बाहेरचं खाल्लं असं सांगतो. खरं कारण आजवर कुणालाच सांगितलं नाही. आता आई नाही, नोकरीही मी मुदतीआधीच सोडली. भीती मात्र अजून तशीच आहे, म्हणून एकदा लिहून टाकतो.

आम्ही गडमुडशिंगीचे. आजोबा ख्रिस्ती झाले. चुलत्यांचं घर पुढं बौद्ध झालं, आमचं ख्रिस्तीच राहिलं. दोन्ही घरांची भिंत एकच होती आणि त्यावरून कधी वाकडं बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास मी कॉलेजात होतो. तेव्हा नाताळ आमच्या घरात आठ दिवस आधीच शिरायचा. वडील कामट्या तासून तारा बांधायचे, आई गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, आणि लाल कागद चिकटवून आत बल्ब सोडला की तारा दारात चढायचा. मग करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या. दिवाळीत गल्लीतून आमच्याकडं ताटं आलेली असायची, ती नाताळात भरून परत जायची.

शहरातल्या चर्चची गाणारी मंडळी दुपारच्या एसटीनं यायची. ढोलकी, झांजा, एक पेटी. आमच्या दारात उभी राहून गायची. समोरच्या शेतकऱ्याच्या घरातली म्हातारी उंबऱ्यावर बसून फर्माईश करायची, "ते गोठ्यातल्या बाळाचं म्हणा की." तिच्या दारात चार म्हशी होत्या. बाळ गव्हाणीत झोपलं होतं याचं तिला कौतुक वाटायचं, आणि थंडीचं तसं झोपवलं म्हणून रागही यायचा. गाणं झालं की ती मंडळींना दूध पाजायची.

वडील गेले आणि मी नोकरी शोधू लागलो. माझ्या शाळेच्या दाखल्यावर धर्म हिंदू असा होता आणि पुढं आजोबांची जुनी जात होती. गुरुजींनी तसं लिहिलं, वडिलांनी तसंच राहू दिलं. बौद्ध चुलतभावाला अनुसूचित जातीची राखीव जागा मिळत होती. ख्रिस्ती म्हटलं की मला मिळत नव्हती. मी दाखला जोडला. त्याच जागांसाठी चुलतभावानंही अर्ज केला होता. माझं नाव लागलं, त्याचं राहिलं. तो पुढं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लागला.

पन्हाळ्याला एका कचेरीत मी कारकून म्हणून रुजू झालो. पहिल्या नाताळाला तारा दारातच होता. दुसऱ्या वर्षी आमच्या कचेरीतला एकजण गावात लग्नाला येऊन गेला आणि मी तो काढून परसात टांगला. तिसऱ्या वर्षी तो आत, पलंगाच्या वर आला. आई एवढंच म्हणाली, "कुणाचं काय चोरलंय व्हय आपण, असं लपवायला?" तिला दाखल्याचं नीट ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून द्यायची मला हिंमत नव्हती.

दोन हजार साल उलटल्यावर राखीव जागांवरच्या सगळ्यांच्या जातीच्या दाखल्यांची पडताळणी सुरू झाली. पत्र आलं त्या दिवशी मी शेवटच्या एसटीपर्यंत घरी गेलो नाही. घरी चौकशी होणार होती. माणूस येऊन शेजारीपाजारी विचारणार, देव कुठला, सण कुठले, मयत पुरता की जाळता. आणि चौकशी निघाली ती नेमकी नाताळाच्या महिन्यात.

मग आईला सगळं सांगावं लागलं. तिनं ऐकून घेतलं, बराच वेळ हातातला तांदूळ निवडत राहिली, आणि म्हणाली, "नोकरी जाईल?" मी म्हटलं, जाईल, आणि केस होईल. ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी चर्चच्या मंडळींना निरोप दिला की आई आजारी आहे, यंदा गाणी नकोत. भिंतीवरचा क्रूस आणि तिचं पवित्र शास्त्र ज्वारीच्या पिंपात घातलं. कचेरीतून येताना जोतिबाच्या डोंगरावरून देवाचा फोटो आणला होता, तो क्रूसाच्या खिळ्याला लावला. तिला उत्तरं पढवली. देव? जोतिबा. मोठा सण? दिवाळी. ती शाळेतल्या पोरीसारखी म्हणून दाखवायची. रविवारी चर्चला जायचं बंद केलं. त्या पंधरवड्यात गल्लीत मोटारसायकल थांबली की मी उठून दाराच्या फटीतून बघायचो. समोरची म्हातारी एकदा मोठ्यानं विचारती झाली, यंदा ढोलकीवाली कवा यायची? मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा.

तो माणूस नाताळाला चार दिवस असताना आला. पन्नाशीचा, मऊ बोलणारा, हातात फायलींची पिशवी. मी रजेवर घरीच होतो. त्यानं समोरच्या घरी आधी विचारलं होतं. तिथं काय सांगितलं गेलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. चुलतभावाला बोलावून आणलं. त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं की आम्ही एकाच आजोबांचे, जात एकच, आणि सही केली. ज्याची जागा मी घेतली, त्याचीच सही माझ्या बाजूनं लागली. सही करून तो पाणीही न पिता गेला.

मग आईची पाळी. ती पढवल्याप्रमाणं बोलली. जोतिबा म्हणताना थोडी थांबली, पण बोलली. त्या माणसानं लिहून घेतलं, फोटोकडं एकदा बघितलं, पिशवी उचलली. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात आई म्हणाली, "पावणं, रिकाम्या तोंडानं जाऊ नका." आणि आत जाऊन ताट घेऊन आली. ताटात करंज्या होत्या.

मला माहीतच नव्हतं. मी कचेरीत गेल्यावर तिनं कधीतरी त्या केल्या होत्या. आल्या माणसाला तोंड गोड केल्याशिवाय धाडायचं नाही, एवढ्या सवयीनं ती उठली होती. ताट टेकवताना तिच्या ध्यानात आलं असावं, कारण तिचा हात तसाच ताटाच्या कडेला राहिला.

त्या माणसानं एक करंजी मोडली. खाल्ली. दुसरी घेतली. मग सावकाश म्हणाला, "दिवाळी होऊन महिना उलटला, मावशी. करंजी तर कालचीच दिसतीया."

मी खाली बघत होतो. जमिनीवर करंजीचा चुरा पडला होता, त्याच्याकडं एक मुंगी निघाली होती.

"लेकाला आवडत्यात," आई म्हणाली. "कवाबी करती मी. दिवाळीच पायजे असं न्हाय."

हे मी पढवलेलं नव्हतं. हे खोटं तिचं स्वतःचं होतं, माझ्यासाठी केलेलं. तो माणूस माझ्याकडं वळला. मी ताटातली करंजी उचलली आणि त्याच्यादेखत खाल्ली. तो उठला. जाताना दारात चप्पल घालत एवढंच बोलला की सारण झकास झालंय. त्याला कळलं होतं की नव्हतं, यावर मी वीस वर्षं विचार केला आहे.

उन्हाळ्यात पडताळणीचं प्रमाणपत्र आलं. मी ते आईपुढं ठेवलं आणि म्हटलं, आता दार लावून का होईना, नाताळ करू. तिनं कागदाला हात लावला नाही. "त्या दिवसापासनं गाणं तोंडात येईना बग," ती म्हणाली. "हितं तर न्हाईच येत. नाताळाला मला मिरजेला बहिणीकडं पोचव." मावशी तिथं चर्चच्या मागच्या गल्लीत राहायची. आईनं घरात पुन्हा करंजी केली नाही, दिवाळीतही नाही.

नंतर काळ असा पालटला की मलाच कळेना मी कशाला भितोय. पन्हाळ्यावर नाताळाच्या सुट्टीत लाल टोप्या घातलेली पोरंपोरी फिरू लागली. कणसं भाजणारी बाईसुद्धा टोप्या विकू लागली. शहरातल्या दुकानांच्या काचेत कापसाचा बर्फ आला. एका वर्षी सुट्टीच्या आदल्या दिवशी कचेरीत केक आणला. जोतिबाची पायी वारी करणारा माझा टेबलशेजारी टोपी घेऊन माझ्यामागं लागला. मी नको नको म्हणत मागं सरकत गेलो, तसे सगळे हसायला लागले.

"घाल की रं," तो म्हणाला. "टोपी घातली म्हणून कोण ख्रिश्चन हुतंय व्हय?"

मी टोपी घातली. त्यांनी फोटो काढला. त्या संध्याकाळी मी त्याच्याकडं तो फोटो पुसून टाकायची विनवणी केली. तो चकित झाला, पण त्यानं पुसला. सगळं गाव ज्याची मजा करत होतं, तो सण माझा होता आणि त्या कचेरीत फक्त मलाच त्याची भीती होती. लग्नही मी याच भीतीपायी केलं नाही, पण ते असो.

आता जे सांगायचं ते हे. दर डिसेंबरात मी आईला स्टँडवर मिरजेच्या गाडीत बसवायचो. पिशवी वर ठेवायचो, खिडकीशी उभा राहायचो. गाडी हलली की छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटायचं. आता घरात कुणी गुणगुणणार नाही, कुणाला काही देणार नाही, दारात कुणी आलं तर चुकून काही बोलणार नाही. आईला सणाच्या तोंडावर घरातून काढून मला बरं वाटायचं. स्टँडवरच्या हॉटेलात मी मिसळ खायचो, आणि महिन्यात पहिल्यांदा पोट दुखायचं नाही.

शेवटच्या वर्षी ती फार थकली होती. खिडकीच्या दांडीला धरून तिनं विचारलं, "यंदा नाताळाला तू येतोस काय रं? एक दिवस?"

मी म्हटलं, "रजा मिळत न्हाय, आई."

नाताळाच्या दिवशी देशभरातल्या सरकारी कचेऱ्या बंद असतात. हे तिला माहीत होतं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरं. जेवत जा येळच्या येळी."